शब्दचर्चा : ‘चाल’ – गाण्याची आणि माणसाची

नगरी : परवा आत्यानं घोटाळा केला. आमच्या नात्यातल्या एका मुलासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगा रविवारी चर्चच्या उपासनेत पेटी वाजवतो. त्यावरूनच बोलणं निघालं आणि आत्या म्हणाली, “मुलगा सोन्यासारखा आहे हो, पण चाल बरी नाही त्याची.” मुलीची आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली ती नेमकी या वाक्याला. पुढची दहा मिनिटं काय झालं ते सांगत नाही.

तर प्रश्न असा. चालण्याची ढब ती चाल, वागणूक ती चाल (“चांगल्या चालीचा माणूस”), रूढी ती चाल (“आमच्यात ही चाल नाही”), डावपेच तीही चाल. हे सगळं एकमेकांना धरून आहे, समजतं. पण गाण्याच्या स्वरबांधणीला ‘चाल’ का म्हणतात? आमच्याकडे पाळकांनी गीत क्रमांक सांगितला की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, “जुन्या चालीवर की नव्या?”

पायवाट : गाण्याचे अर्धे शब्द पायाशीच बांधलेले आहेत. ‘पद’ म्हणजे पाऊल आणि पद म्हणजे गाणंही. ‘चरण’ म्हणजे पाय आणि कवितेची ओळही. ‘दिंडी’ पंढरीला निघते आणि दिंडी हे वृत्तही आहे. वारकऱ्यांची पावली तर पायानंच खेळायची. या घरात ‘चाल’ उपरी वाटत नाही.

शाळेत बाई काय म्हणायच्या आठवा : “आधी नुसती वाचा, मग चालीवर म्हणा.” आपण गाणं ‘म्हणतो’, हेही मजेशीर आहे. ‘गातो’ म्हटलं की जरा सतरंजी अंथरून बसल्यासारखं वाटतं.

संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याची पहिली ओळ छापलेली असते. ती ओळ ज्याला येते त्याला नोटेशन लागत नाही.

जात्यावरची : सगळंच पायाशी नेऊ नका. ‘ओवी’ ओवण्यातून आली असं मानतात, आणि ती म्हणायची जात्याशी बसून. फादर थॉमस स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा सांगायला तीच धरली. १६१६ साली गोव्यात राशोलला त्यांचं पुराण छापलं गेलं, दहा हजारांवर ओव्या. जन्मानं इंग्रज माणूस, पण ज्यांना ऐकवायचं त्यांच्या तोंडात आधीच बसलेली घडण त्यानं उचलली.

नगरी : ओवीचं मान्य. पण आमच्या वडिलांच्या पिढीनं पुष्कळ गीतं इंग्रजी चालींवरच म्हटली.

जुना पेटीवाला : मग मी बोलतो, चाळीस वर्षं पेटी ओढली आहे.

इंग्रजी भजनाच्या चालीला स्वतःचं नाव असतं, तेही बहुतेक गावाचं, रस्त्याचं नाहीतर संताचं. ‘डंडी’, ‘ड्यूक स्ट्रीट’, ‘सेंट ॲन’. शब्द वेगळे, चाल वेगळी. अक्षरांचं माप (८-६-८-६ वगैरे) जुळलं की या गीताची चाल त्या गीताला चढवता येते, सदरा बदलावा तशी. मराठीत ते माप मोजून भाषांतर केलं की अक्षरं बसतात, पण शब्द बसत नाहीत. ‘तारण’ घ्या. बोलताना शेवटचा ‘अ’ आपण गिळतो. इंग्रजी चालीत ओळीच्या शेवटी लांब सूर आला की मागच्या बाकावरच्या बायका ‘तारणाऽऽ’ म्हणतात. ‘प्रभु’मधला ‘प्र’ ऱ्हस्व, पण चालीला तिथे दीर्घ हवा, मग ‘प्राभू’. पोरं फिदीफिदी हसायची. पाळकांचे डोळे मिटलेले असायचे, हसू त्यांनाही येत असणार.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. नगरला ख्रिस्ती कीर्तनं त्यांच्या आधीही होत, पण अभंग आणि पदं टिळकांनी अशी काही आणली की ‘तारण’ला पुन्हा ‘तारण’ म्हणता आलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणत. पूल म्हटला की तोही चालूनच ओलांडायचा, हे माझं पदरचं.

मला इंग्रजी चालीही आवडतात, गैरसमज नको. नाताळात त्यांच्याशिवाय करमत नाही. पण दुःखाच्या घरी पेटी उघडली की बोटं आपोआप भैरवीकडे जातात.

रात्रपाळी : मी नर्स आहे. शब्दांतलं फार कळत नाही, अनुभव सांगते. वॉर्डात रात्री गाता येत नाही, म्हणून मी तोंड मिटून नुसती चाल गुणगुणते. सलाइन बदलायला या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, पावलं आपोआप तिच्यावर पडतात. कधीकधी शब्द आठवत नाहीत, प्रार्थना करायचं बळही नसतं, तेव्हा चाल तेवढी सोबत असते.

एकदा पहाटे एका आजोबांजवळ बसलेल्या मावशींनी मला थांबवलं. म्हणाल्या, “सिस्टर, आमच्या विठ्ठलाचा अभंग तुम्हाला कसा येतो?” मी म्हटलं, “मावशी, आमच्या गीतांच्या पुस्तकातलं आहे हे.” त्यांनी त्यांचे शब्द म्हटले, मी माझे, अगदी हळू. आजोबांचा हात चादरीवर ठेका धरत होता, हे दोघींनाही उशिरा दिसलं.

वसईचा : आमच्याकडे आजी लॅटिन मिस्सेतली (कॅथलिक उपासनेतली) उत्तरं पाठ म्हणायची, अर्थ एकाचाही माहीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) मिस्सा मराठीत आली. आजीला शब्द कळले, पण तिची तक्रार चालीबद्दल होती : “ही पायाखालची वाटत नाही.” पायवाट यांचं म्हणणं वाचून आज ते वाक्य आठवलं.

पायवाट : आजींना नमस्कार. एक राहिलं. मराठी बायबलात १२० ते १३४ या पंधरा स्तोत्रांवर ‘आरोहणस्तोत्र’ असं लिहिलेलं असतं. यरुशलेमला सणासाठी चढून जाताना यात्रेकरू ती म्हणत असं मानलं जातं. म्हणजे त्यांचीही वारीच. आणि पहिलंच स्तोत्र सुरू होतं ते दुर्जनांच्या मसलतीनं ‘चालत नाही’ अशा माणसापासून. तिथे चाल म्हणजे वागणूक, पण गायचं तर तेही चालीवरच.

नगरी : सगळ्यांचे आभार. हे सगळं आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ‘तारणाऽऽ’ला ती हसली, मावशींचा प्रसंग पुन्हा वाचायला लावला. मुलीकडच्यांचाही फोन येऊन गेलाय, त्यांना आता मुलाची पेटी ऐकायची आहे. मी म्हटलं, “बघ, मिटलं सगळं.” तर म्हणते, “ते ठीक आहे रे. पण तिसऱ्या कडव्याला घाई करतो तो, हे तेवढं त्यांना आधी सांगून ठेव.”