चूक समोरच्याची, ब्रेक माझा: हे कुठवर चालायचं?

चौथागियर (धागाकर्ता)

मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. आष्ट्याहून सांगलीला येत होतो, रात्रीचे साडेनऊ, शेजारी मेहुणा. समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर मारत होता, त्यामुळे मला दिसत होता तो फक्त माझ्या डिपरपुरता रस्ता. तेवढ्यात उसाची दोन कांडी पडलेली दिसली. थोडं पुढे आणखी एक, चेंगरलेलं, पण ओलं. मी पाय काढला आणि तिसऱ्या गियरवर आलो. मेहुणा म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, पुढे ट्रॉली असणार."

होती. वळण संपता संपता दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, रेडियम नाही. रात्रीच्या वेळी भरलेला ऊस कसा दिसतो ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. नुसता अंधारच, जरा जास्त दाट.

घरी येऊन गणित मांडलं. ७० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेएकोणीस मीटर जाते. डिपरचा कामाचा उजेड चाळीस-पन्नास मीटर. बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सव्वा-दीड सेकंद, म्हणजे पंचवीस-तीस मीटर तिथेच गेले. वर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला पुन्हा तेवढेच. ट्रॉली पुढे सरकत होती एवढीच काय ती सवलत.

मेहुण्याचं म्हणणं वेगळं. "चूक त्याची आणि भुर्दंड तुला. तुझ्यासारखे सांभाळून घेणारे आहेत म्हणूनच तो बिनदिव्याचा फिरतो." तेव्हा हसून सोडून दिलं, पण ते डोक्यातून जात नाही. मी गाडी चालवतो ती आजूबाजूचा प्रत्येक जण आता चुकणार असं धरून. दुचाकीवाला मागे न बघता वळणार, थांबलेल्या एसटीच्या पुढून कोणीतरी येणार, आपला सिग्नल हिरवा झाला तरी आडव्या रस्त्यावरचा शेवटचा एक घुसणार. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग म्हणतात ते हेच. मला हेच बरोबर वाटतं. मेहुण्याच्या बाजूचे कोण आहेत इथे?

मधली_लेन

मी आहे. मेहुण्याला माझा नमस्कार सांगा.

ट्रॉलीचं सोडा, तिथे तुम्ही केलंत ते कोणीही करावं. पण याचं तत्त्वज्ञान करू नका. माझ्या घराजवळ पुण्यात हायवेचा सर्व्हिस रोड आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी तिथे उलट्या दिशेने येणारा एखादाच असायचा, तोही कडेने, मान खाली घालून. सगळ्यांनी त्याला सांभाळून घेतलं. आज तिथे उलटा येणारा अप्पर मारतो आणि मी चुकलो असल्यासारखं माझ्याकडे बघतो. परवा एकाने काच खाली करून मला विचारलं, "दिसत नाही का?"

अंतर ठेवण्याचंही तेच. एक्स्प्रेसवेवर पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा. १०० च्या वेगात ते ८३ मीटर होतं. त्यात आधी एक घुसतो. त्याच्यासाठी पुन्हा अंतर ठेवलं की दुसरा. उर्से टोलनाक्यापर्यंत मी पुढे चाललोय की मागे तेच कळत नाही.

ज्याला नियम पाळायचे आहेत त्यानेच घाबरून चालवायचं, हा कसला न्याय?

पायीपायी

मधली लेन, तुमचा राग कळतो. पण तुम्ही आणि धागाकर्ते दोघंही चार चाकांवर बसून बोलताय. तुम्ही तत्त्वासाठी ब्रेक मारला नाहीत तर बंपर जाईल. मी नाही मारला तर गुडघा जाईल. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची.

मी रोज स्कूटरवर १४ किलोमीटर जाते-येते. कडेला लावलेल्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना मी आधी मागच्या काचेतून बघते, ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसतं का. दिसलं की दार उघडणार. मग पुढचं चाक बघते. वळलेलं असेल तर ती गाडी न बघता बाहेर येणार. इंडिकेटर मी बघतसुद्धा नाही, तो विसरून चालू राहिलेला असतो. सिग्नलला बसच्या डाव्या अंगाला उभी राहत नाही, कारण तिथे मी ड्रायव्हरला दिसत नाही. यात तत्त्वज्ञान कसलं? संध्याकाळी घरी पोचायचं असतं.

लीड्सकर

इंग्लंडात २००२ पासून लायसन्सच्या लेखी परीक्षेबरोबर धोका ओळखण्याची वेगळी परीक्षा असते. रस्त्याच्या छोट्या चित्रफिती दाखवतात, धोका तयार होतोय असं वाटलं की क्लिक करायचं. जितक्या लवकर ओळखाल तितके गुण, जास्तीत जास्त पाच. ७५ पैकी ४४ मिळाले की पास. गंमत म्हणजे सारखं क्लिक करत राहिलात तर त्या फितीला शून्य. म्हणजे सगळ्यांवर संशय घेणारा तिथे नापास होतो. धागाकर्त्यांनी कांडी बघून पाय काढला, हे खरं ओळखणं. "प्रत्येक जण आता चुकणार" या वाक्याला मात्र मी शून्य देईन.

दुसरी अडचण खुणांची. इथे समोरच्याने दिवा लुकलुकवला तर सहसा अर्थ होतो "या तुम्ही". दर डिसेंबरात पुण्याला आलो की पहिल्या दिवशी मी तो अर्थ धरून निघतो आणि शेजारी बसलेली आई ओरडते. कारण तिथे त्याचा अर्थ "मी येतोय, तू थांब". चूक ओळखायची तर आधी समोरच्याची भाषा यायला हवी.

चौथागियर

भाषेचा मुद्दा पटला. दोन पदरी रस्त्यावर पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो तेव्हा तो खरंच उजवीकडे वळणार असतो, की "उजवीकडून निघून जा" म्हणतोय, की "थांब, समोरून गाडी आहे" सांगतोय? तिन्ही अर्थांनी देणारे मी पाहिलेत. म्हणून मी इंडिकेटर सोडून ट्रकची चाकं बघतो. पायीपायी, तुम्ही तेच करता हे वाचून बरं वाटलं.

कृष्णाकाठ

माझा भाऊ कारखान्याला ट्रॅक्टर चालवतो. वरचं सगळं वाचलं, आता आमची बाजू पण ऐका.

दिवा का नसतो? ट्रॅक्टरपासून मागच्या ट्रॉलीपर्यंत वायर ओढायची म्हणजे दोन जोड आले. ऊस भरताना कांडी घुसून वायर तुटते, फडातून बाहेर काढताना चिखलात ओढली जाते, ट्रॉली सोडताना काढायची विसरली तर उपटूनच येते. रेडियम लावतो, ते चार दिवसांत चिखलाने लिंपलं जातं. भाऊ कारखान्यावर नंबर लागेपर्यंत रात्र रात्र बसलेला असतो, पहाटे रिकामा होऊन परत फडात. कोण पुसणार? ही सबब नाही बरं का, चूक आमचीच. कारण सांगितलं.

पण गाडीवाल्यांना एक गोष्ट माहीत नसते. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. ब्रेक फक्त ट्रॅक्टरला. तुम्ही ओव्हरटेक करून कचकन आमच्या पुढ्यात आलात आणि ब्रेक मारलात तर आमचा ट्रॅक्टर थांबेल हो, पण मागचा सगळा भार त्याला ढकलत आडवा करील. भाऊ म्हणतो, "मी प्रत्येक गाडीवाल्याला येडा समजून चालवतो." म्हणजे तुमची ती डिफेन्सिव्ह भानगड तो पण करतोच की. फक्त डेक इतका मोठ्याने लावतो की हॉर्न ऐकू येत नाही, त्यावरून आमची रोजची भांडणं.

मधली_लेन

कृष्णाकाठ, प्रांजळपणाबद्दल आभार. पण माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. पुसायला वेळ नाही, कारण न पुसल्याने आजवर तुमचं काही अडलं नाही. ज्या दिवशी मागून येणारी गाडी सांभाळून घेणार नाही त्या दिवशी पुसाल. आणि मागून धडकलेल्यालाच दोषी धरायची आपल्याकडे जी पद्धत आहे, तिच्याबद्दल तर बोलायलाच नको.

काळाकोट

बोलूया की. ती पद्धत नाही, नियम आहे. पुढच्या वाहनाने अचानक वेग कमी केला तरी धडक टळेल इतकं अंतर ठेवायचं, हे १९८९ च्या नियमांत होतं आणि २०१७ च्या नव्या नियमावलीतही आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. गाडी ट्रकवर मागून आदळली. ट्रकने एकदम ब्रेक मारला असं गाडीच्या बाजूचं म्हणणं. न्यायालयाने बघितलं ते अंतर, दोन्ही वाहनांमध्ये १० ते १५ फूट. ते सुरक्षित अंतर नव्हे, असा निकाल लागला. म्हणजे तुम्ही ठेवता ते तीन सेकंद ही तुमची उदारता नाही, मधली लेन. ते तुमचं कामच आहे.

बिनदिव्याच्या वाहनाचं वेगळं. तिथे त्याचाही दोष धरतात आणि जबाबदारी दोघांत वाटून देतात. पण टक्केवारी ठरवायला न्यायाधिकरणात तारखा पडतात, आणि अनेकदा त्या तारखांना माणसाऐवजी त्याचे वारस येतात.

खडीकरण

रस्ते बांधणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

तुम्ही सगळे चालकापाशीच अडकलात. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा लांब उतार घ्या. डिझेल वाचवायला ट्रकवाला न्यूट्रलवर टाकतो, इंजिनाचा रोध संपतो, सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापतात आणि खाली पोचेपर्यंत धरत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या. त्या गाड्यांमध्ये धागाकर्त्यांसारखे सावध चालक नसतील का? मागून येणाऱ्या ट्रकपुढे ते काय करणार होते?

स्वीडनने १९९७ साली धोरणच केलं, की माणूस चुकणारच, म्हणून रस्ता असा बांधा की चुकीची शिक्षा मृत्यू नसावी. आपला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे बघा. २०१६ साली १५१ मृत्यू होते. मग कठडे, फलक, धोक्याच्या जागा, पोलिसांची गस्त यांवर काम झालं आणि २०१९ पर्यंत आकडा शंभराच्या आत आला. तीन वर्षांत चालकांचा स्वभाव बदलला म्हणून नव्हे. आणि रस्त्याच्या सदोष रचनेमुळे कोणी दगावलं तर कंत्राटदाराला, सल्लागाराला, संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत आहे, कलम १९८अ. ते कलम लावा म्हणून कोणी मागे लागल्याचं मी पाहिलेलं नाही. सगळे "गाडी सावकाश चालवा" एवढंच म्हणतात.

चौथागियर

खडीकरण, यातल्या एकाही वाक्याला विरोध नाही. पण नवले पुलाचा उतार तुम्ही लोक दुरुस्त कराल तेव्हा कराल, मला सोमवारी तिथूनच जायचंय. तोवर मी त्या उतारावर आरशात बघत चालवतो, रांग दिसली की लांबूनच पार्किंगचे दिवे लावतो आणि पुढच्या गाडीला चिकटून उभा राहत नाही, निसटायला जागा राहावी म्हणून. पुरेसं नाही, माहीत आहे.

लालपरीची_लेक

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. पंचवीस वर्षं विनाअपघात, आईसह बोलावून सत्कार झाला होता. त्यांना हा डिफेन्सिव्ह वगैरे शब्द माहीत नव्हता. शेळी रस्ता ओलांडून गेली तरी ते वेग वाढवायचे नाहीत, कारण करडू मागे राहिलेलं असतं. बाजाराच्या दिवशी गावाच्या अलीकडेच खालच्या गियरवर यायचे. उभ्या वाहनाच्या खालून पलीकडचे पाय दिसतात का ते बघायचे.

पण मधली लेन म्हणतात ते पण खरं आहे हो. त्याची किंमत बाबांनीच भरली. रस्त्यावर त्यांनी कोणाला कधी शिवी दिली नाही, ती सगळी घरी येऊन आम्हाला ऐकावी लागायची. "पन्नास जण बसलेत मागे आणि तो शहाणा..." असं सुरू झालं की जेवण होईपर्यंत. डाव्या पायाचा गुडघा क्लच दाबून दाबून गेला. सगळ्यांच्या चुका धरून चालणं हे काम आहे, आणि ते फुकट करून घेतलं जातं, एवढंच मला म्हणायचंय.

मधली_लेन

लालपरी, हे मात्र मनापासून पटलं.

काळाकोटांमुळे अंतरापुरती माघार घेतो. ठेवीन, घुसू देत किती घुसायचे ते. पण उलट्या दिशेने येणाऱ्याला जागा देणार नाही. काल संध्याकाळी सर्व्हिस रोडवर टेम्पो समोर आला, मी गाडी बंद करून उभा राहिलो. हॉर्न नाही, भांडण नाही. सात-आठ मिनिटांनी गेला की नाही मागे!

पायीपायी

पेट्रोल पंपाच्या पुढे? पावणेसातला?

मधली_लेन

हो. का?

पायीपायी

तुमच्या मागे सहावी स्कूटर माझी होती.

कृष्णाकाठ

😀 भावाला वाचून दाखवलं. म्हणतोय रविवारी वायर टाकून घेतो. डेकचं काही बोलला नाही.