गुगलवरनं उचललेला फोटो अंगाशी आला

चप्पललाईनकर:
आमचं चपलांचं दुकान आहे. ब्लॉगवर गुगलवरनं एक फोटो उचलून टाकला, तर फोटोग्राफरचा ईमेल आला: काढा, नाहीतर पैसे भरा. गप काढला. आता फुकटचे पण कायदेशीर फोटो कुठं मिळतील?

रंकाळाकाठ:
भावा, गुगल फक्त दाखवतंय, मालक दुसराच असतोय. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे इथले फुकटचे फोटो धंद्यासाठी चालतात, नाव देणं सक्तीचं नाही. पण तिथं आपलं गाव शोधत बसशील. कोल्हापूरचा रंकाळा, भवानी मंडप पाहिजे तर विकिमीडिया कॉमन्स बघ. तिथं मात्र प्रत्येक फोटोखालचा परवाना वाचायचा. 'सीसी बाय-एसए' (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, खुल्या वापराचे परवाने) असला तर फोटोग्राफरचं नाव आणि परवान्याची लिंक द्यायची, फोटोत बदल केलास तर तोही त्याच परवान्यानं सोडायचा. 'सीसी झिरो'ला नाव द्यायचीही अट नाही. मी फोटो उतरवला की त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवतो. उद्या कुणी विचारलं तर?

गुळाचीढेप:
चेहरे जपून वापरा. फोटो फुकट असला म्हणून त्यातली बाई तुमच्याच चपलेची तारीफ करतेय असं दाखवता येत नाही.
आणि २०१९ ला जीआय (भौगोलिक ओळखीचा टॅग) मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचा फोटो परक्याकडनं कशाला? दारात सकाळी कोवळ्या उन्हात पांढरा कार्डशीट अंथरा, मोबाईलनं काढा.

चप्पललाईनकर:
काढला. कार्डशीटवर मांजर येऊन बसलं, तोच टाकलाय.