मदत हवी आहे: मॅच संपल्यावर मांडव्याला परतायचं कसं?

नमस्कार मंडळी. आम्ही सहा मित्र, सगळे अलिबाग-चोंढीकडचे. वानखेडेवर भारताची टी-ट्वेंटी बघायला निघालोय, तिकिटं हातात आहेत (त्यासाठी काय काय केलं ते विचारू नका).

जाताना चिंता नाही. मांडव्याहून दुपारची बोट, तासाभरात गेटवे, पुढे अर्धा तास चालत स्टेडियम. बोटीच्या वरच्या डेकवर बसून सीगलना शेव-गाठी टाकत जायचं, ही आमची जुनी हौस. घोडं अडतंय परतीला. मॅच सातला सुरू, संपायला साडेदहा-अकरा, आणि गेटवेची शेवटची बोट त्याच्या कितीतरी आधी सुटते.

मागच्या वेळी बोट गाठायची म्हणून पंधराव्या ओव्हरला उठलो. धक्क्यावर पोचलो तर बोट दहा हात पुढे गेलेली, आणि मागून स्टेडियमचा आवाज! विकेट होती की सिक्स, तेही कळेना. रात्रभर सीएसएमटीच्या बाकड्यावर डास मारत काढली.

मांडव्याहून रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्याला गाडी नेऊन रात्री अटल सेतूवरून पेणमार्गे परत यावं का? सहाजणांत टोल-डिझेल परवडेल, पण वडखळचा रस्ता रात्री कसा आहे सध्या? की फोर्टात सहाजणांना एक रात्र स्वस्तात काढता येईल अशी जागा आहे?

एकजण ओळखीच्या मच्छीमार बोटीने रात्री येऊ म्हणतोय. त्याला मी गप्प केलंय. लाइफ जॅकेट नाही, प्रवासी परवाना नाही, नसता धंदा.

आणि हो, सॅक आत नेऊ देत नाहीत, मग ती ठेवायची कुठे?