मॅटवर थेट डिकल? प्लॅस्टिकच्या मॉडेल विमानांच्या फोरमवरच्या एका पोस्टला उत्तर

स्प्रूकापे: "डिकलआधी (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांआधी) ग्लॉस कोट (चमकदार थर) ही बाटल्या खपवायची युक्ती आहे, मी बिनचमकीच्या मॅट रंगावरच लावतो, काही बिघडत नाही." परवा एकाने हे ठणकावून लिहिलं आणि खाली वाहवाही झाली. अहो, मॅट रंग खडबडीत असतो. डिकलची फिल्म उंचवट्यांवर टेकते, मधल्या खळग्यांत हवा अडकते आणि अक्षरांभोवतीचा पारदर्शक भाग चंदेरी दिसायला लागतो. मग बसा सुईने टोचत आणि डिकल मऊ करणारं मार्क सॉफ्टर पाजत. शेवटी मॅट वार्निश मारलं तरी ती झाक जात नाही, कारण हवा फिल्मच्या खाली असते. नवशिके असलं वाचून मॉडेल घालवतात, त्याचं काय?

मॅटवीर: ती पोस्ट माझी. सोयीपुरती उचललीत. पुढचं वाक्य होतं की रंग एअरब्रशने पातळ मारलेला आणि बारीक स्पंजने घासून गुळगुळीत केलेला हवा. त्या जागी मायक्रो सेट (डिकल नीट चिकटवणारं द्रावण), त्यावर डिकल, कापसाच्या काडीने मधून कडेकडे पाणी काढायचं, मग मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं). सुरकुत्या पडतात तेव्हा हात लावायचा नाही, वाळताना आपोआप बसतात. तुमचं ग्लॉस, डिकल, पुन्हा ग्लॉस, वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), मग मॅट. १/७२ च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाच्या) मॉडेलवर पत्र्यांच्या जोडांच्या बारीक पॅनेल लाइन उरतात का त्यात?

जुनीबाटली: कुठल्या डिकलबद्दल बोलताय ते आधी सांगा. कार्टोग्राफ कंपनीने छापलेले पातळ असतात, निभावून जातं. तामियाच्या किटमधले जाड डिकल मॅटवर बसवून दाखवा, मग बोलू. बाकी ग्लॉस कोट म्हणून मारायला फ्युचर फ्लोअर पॉलिश मिळत होतं तेव्हा असले वादच नव्हते. आधी नावं बदलत राहिले, मग बंदच केलं. चांगलं काही टिकू देत नाहीत.

स्टेन्सिलसंन्यासी: एवढा जीव काढताच कशाला? मी फक्त मोठी चिन्हं आणि नंबर लावतो. "इथे पाय देऊ नका" छापाच्या सूचनांच्या चिटोऱ्या, म्हणजे स्टेन्सिल, शीटवरच राहतात. हिशेब करा, खऱ्या विमानावरचं एक इंची अक्षर १/७२ मध्ये ०.३५ मिमी होतं. मॉडेल ३० सेंमीवरून बघणं म्हणजे खरं विमान साडेएकवीस मीटरवरून बघणं. तिथून कोण काय वाचणार?

रिव्हेटमोजे: वाचता येत नाही, पण दिसतं. पंखावर ठिपक्यांची ओळ दिसते, आणि ती नसली की मॉडेल प्लॅस्टिकचं वाटतं. आळसाला गणिताचा सदरा घालू नका.

स्टेन्सिलसंन्यासी: आळस? ऑगस्ट १९४१ मध्ये आरएएफने (ब्रिटिश हवाई दलाने) लढाऊ विमानांचा तपकिरी काढून करडा आणला. युद्धाच्या धामधुमीत पुन्हा रंगवलेल्या प्रत्येक स्पिटफायरवर सगळ्या स्टेन्सिल परत उमटवल्या, याचा एक फोटो दाखवा.

रिव्हेटमोजे: तुम्ही करताय त्या विमानाचा फोटो तुम्ही काढा. त्यात नसतील तर लावू नका, मी पाया पडतो. पण मिग-२१ करतानाही हीच सबब? तो डोक्यापासून शेपटापर्यंत लिहिलेला असतो.

स्टेन्सिलसंन्यासी: मिगवर लावल्या होत्या. सगळ्या. बायकोने विचारलं, "हे काळे डाग कसले?" तेव्हापासून संन्यास.

स्प्रूकापे: धागा ग्लॉस कोटचा आहे हो! एका स्पर्धेत परीक्षकाने टॉर्च तिरका धरला आणि माझ्या शेजारच्याचं गडद निळं विमान कडेकडेने चमकलं. मॅटवरच लावले होते त्याने, "सोल आहे ना" म्हणत. समोरून काही दिसत नव्हतं.

मॅटवीर: म्हणजे टॉर्च लागलाच. बरं, गडद रंग आणि जाड डिकल असेल तर मारतो ग्लॉस, पण तेवढ्याच जागेवर, सगळ्या विमानाला आंघोळ नाही. शेवटच्या मॅटने फरक झाकला जातो. फिकट करड्यावर मी ऐकणार नाही.

जुनीबाटली: तेवढ्या जागेवर मारून कडा दिसली तर इथे रडायला येऊ नका. आणि वरचं वार्निश तीव्र द्रावकाचं, म्हणजे लॅकर, असेल तर पहिला हात कोरडा, लांबून. एकदम ओलं मारलं तर डिकल आक्रसतात, मग ग्लॉस होता की मॅट, कोणी विचारत नाही.

स्टेन्सिलसंन्यासी: न वापरलेल्या स्टेन्सिलच्या शीटा पडल्यात माझ्याकडे. हव्यात का कुणाला?

रिव्हेटमोजे: कुठल्या किटच्या?