लिबियात एकपण नदी नाही म्हणे, मग पाणी कुठून आणतात?

उजनी_उशाला: आमचा मावसभाऊ लिबियात वेल्डिंगच्या कामावर होता, तो म्हणतो देशात एकपण बारमाही नदी नाही तरी बेनगाझीत नळाला पाणी यायचं. इथं धरण उशाला असून आपण चार-पाच दिवसांनी पिंपं भरतोय. समुद्राचं पाणी गोडं करतात का? उगं लिंका टाकू नका राव, समजून सांगा.

बोअर_फेल: समुद्राचं थोडंच, बाकी बहुतेक सगळं बोअरचं. १९५० च्या दशकात तेल शोधायला वाळवंटात भोकं पाडली तर दक्षिणेला कुफ्राकडं गोडं पाणी लागलं, मग तिथला तेव्हाचा हुकूमशहा गद्दाफीनं १९८४ ला काम काढलं आणि ४ मीटर व्यासाचे काँक्रीटचे पाइप (छोटा हत्ती आरामात आत जाईल) जमिनीत गाडून पाणी शेकडो किलोमीटर किनाऱ्याला नेलं. १९९१ ला बेनगाझी, १९९६ ला त्रिपोली. पैसा अर्थात तेलाचा. पण ते पाणी हजारो वर्षांपूर्वी सहारा हिरवा होता तेव्हा मुरलेलं, आता वरून भर जवळजवळ शून्य. आपलं बोअर निदान परतीचा पाऊस चांगला झाला की पुन्हा धरतं, तिकडं उपसलं ते गेलं.

डाळिंबवाला: आणि ऊन? ५८ डिग्रीचा जागतिक रेकॉर्ड तिथलाच ना?

बोअर_फेल: होता. अल अझिझिया, १९२२. नोंद घेणारा नवखा होता, चुकीचं वाचलं असणार म्हणून २०१२ ला जागतिक हवामान संघटनेनं रद्द केला. आपले मे महिन्यातले ४४ मात्र खरे हायेत.

कडबा: पाऊस नाही म्हणजे पूर नाही असं समजू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळ आलं, डेर्ना गावाच्या वरची दोन धरणं एका रात्रीत फुटली, हजारो माणसं गेली. एरवी तो कोरडा ओढा, अरबीत त्याला वादी म्हणतात, काठावर बिनधास्त घरं बांधलेली.

उजनी_उशाला: बाप रे. भाऊ म्हणतोय पाणी कधीकधी गायबच व्हायचं, ते का मग?

बोअर_फेल: २०११ नंतरच्या मारामाऱ्यांत विहिरींवरच्या मशिनरीची तोडफोड झाली, चोऱ्या झाल्या. लाईट गेली की पंप बंद. पाणी दक्षिणेत, माणसं उत्तरेत, मधे कुणीपण व्हॉल्व्ह दाबून बसतो.

उजनी_उशाला: हे मात्र ओळखीचं वाटलं. बरं थांबा, नळ आलाय, मोटर लावून येतो.