फायबर चॅनेल स्टोरेज: नेमकं काय काय घ्यावं लागेल?

रॅकखालचा:
तीन सर्व्हर, तिन्हींवर ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचं व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर). दोन कंट्रोलरचा अ‍ॅरे (सामायिक डिस्कांची पेटी) ठरलाय, प्रत्येक कंट्रोलरवर १६ जीचे (१६ गिगाबिट) चार पोर्ट. कोटेशनमध्ये एक स्विच आणि 'आवश्यक त्या केबल्स' एवढंच आहे. नग किती धरू? एक स्विच पुरेल का?

दोनधागे:
एक स्विच म्हणजे तो बसला की तिन्ही सर्व्हरचं स्टोरेज गेलं. दोन घ्या, आणि ते एकमेकांना जोडू नका. जोडलेत की दोन फॅब्रिकचं (स्विचच्या जाळ्यांचं) एकच होतं आणि झोनिंगमधली (कोणता पोर्ट कोणाला दिसेल या नेमणुकीतली) एक चूक दोन्हीकडे पसरते.

हिशोब: प्रत्येक सर्व्हरला दोन पोर्टचं एचबीए (फायबर चॅनेलचं कार्ड), म्हणजे ३ कार्डं. सर्व्हरकडून ६ केबल्स. प्रत्येक कंट्रोलरचा एक पोर्ट पहिल्या स्विचला, एक दुसऱ्याला, म्हणजे आणखी ४. एकूण १० एलसी-एलसी (दोन्ही टोकांना एलसी कनेक्टर) केबल्स, शिवाय दोन जास्तीच्या. स्विचमध्ये प्रत्येकी ५ एसएफपी (पोर्टात बसणारे ऑप्टिकल मॉड्यूल). एचबीएसोबत ते बहुधा येतात, स्विच आणि अ‍ॅरेबाबत लेखी विचारा. स्विचवर दिसणारे सगळे पोर्ट वापरता येतात असंही नाही: ब्रोकेड जी६१० वर पोर्ट २४, पण मूळ किमतीत ८ च चालू, बाकीचे लायसन्सवर. तुम्हाला ५ लागतात, म्हणजे भागेल. मात्र त्यात पॉवर सप्लाय एकच असतो, तेव्हा दोन स्विच दोन वेगळ्या यूपीएसवर लावा.

काचतंतू:
तीनच सर्व्हर असतील तर मी स्विचवर पैसे घालणार नाही. प्रत्येक सर्व्हरची एक केबल प्रत्येक कंट्रोलरला, सहा केबल्समध्ये काम झालं. कंट्रोलरवर चौथा पोर्ट मोकळाच राहतो. अट एवढीच की अ‍ॅरे थेट जोडणीला मान्यता देणारा हवा, आणि पोर्ट पॉइंट-टू-पॉइंटवर हवा. १६ जीवर लूप (पोर्ट साखळीत जोडायची जुनी पद्धत) चालत नाही. पाचवा सर्व्हर आला की मात्र स्विच घ्यावाच लागेल.

दोनधागे:
हे मान्य. वाढ होणार नसेल तर थेटच जोडा.

झोनवाला:
केबल ओएम३ किंवा ओएम४ (मल्टिमोड फायबरचे दर्जे) घ्या. १६ जीला ओएम३ वर १०० मीटर, ओएम४ वर १२५. जुनी नारिंगी ओएम२ पडून असेल तर ३५ मीटरच्या पुढे विसरा. टोपण काढल्यावर टोक पुसल्याशिवाय खोचू नका. लिंक लागते पण सीआरसी एरर (डेटा बिघडून पोचल्याच्या नोंदी) वाढत राहतात, तेव्हा बहुतेक वेळा धूळच असते; ब्रोकेड स्विचच्या 'पोर्टएररशो' कमांडमध्ये दिसतं.

ब्रोकेडमध्ये दुसऱ्या कंपनीचा एसएफपी घातला तर तो बहुधा नाकारला जातो, स्वस्त म्हणून घेऊ नका.

स्विच घेतलेत तर झोन डब्ल्यूडब्ल्यूपीएनवर (प्रत्येक पोर्टचा स्वतंत्र पत्ता) करा, एका झोनमध्ये एकच सर्व्हर पोर्ट आणि त्या फॅब्रिकमधले दोन्ही कंट्रोलर पोर्ट. प्रत्येक फॅब्रिकमध्ये ३ झोन. प्रत्येक लनला (अ‍ॅरेनं सर्व्हरला दिलेली डिस्क) सर्व्हरवर ४ पाथ दिसायला हवेत. दोनच दिसले तर एक फॅब्रिक किंवा एक कंट्रोलर झोनमधून सुटलाय.

रॅकखालचा:
कपाटात ८ जीची कार्डं आहेत, ती चालतील?

झोनवाला:
१६ जीचा एसएफपी ८ आणि ४ वर उतरतो, त्यामुळे लिंक लागेल. अडचण ड्रायव्हरची: ईएसएक्सआय ७.० पासून जुने व्हीएमकेलिनक्स ड्रायव्हर गेले. कार्डाचा मॉडेल नंबर कंपॅटिबिलिटी यादीत बघा, मगच स्क्रू-ड्रायव्हर उचला.