अनुभव धागा : तुमचा रविवार नेमका कुणाच्या हातात आहे?

मोटर रिवायंडिंगवाला, गंगापूर तालुका (धागा मीच काढलाय)

जय ख्रिस्त मंडळी. माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, "रविवारी बंद". एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी साडेआठला पांढरा शर्ट घालून, बायबल डिकीत टाकून निघालो होतो. तेवढ्यात एक जण एक्सएल मोपेडवर पाच एचपीची मोटर दोरीनं बांधून दारात. रात्रीची लाईट होती, एक फेज गेला, मोटर ऑटोवर टाकून गडी झोपलेला. जळाली. जळक्या वार्निशचा वास गाडी थांबायच्या आधीच माझ्यापर्यंत आला. मोसंबीची बाग, चार दिवसांनी लाईटचा वार बदलणार, आणि तो माझ्या पांढऱ्या शर्टाकडे बघून म्हणतो, "दादा, आज तुमचं देवाचं असंल."

येशूनं विचारलं होतं की शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, तुमचा बैल विहिरीत पडला तर लगेच काढणार नाही का. आमच्याकडं एप्रिलात बैल बुडायला विहिरीत पाणी नसतं, पण मोटर जळते. शटर वर केलं. आता रिवायंडिंग काही तासाभराचं काम नाही. जुनी वाइंडिंग छिन्नीनं तोडा, जाळून खेचून काढा, वेढे मोजा, स्लॉटमध्ये कागद घाला, नवे कॉइल बसवा, दोऱ्यानं बांधा, वार्निश पाजा, बल्बाखाली वाळवा. उपासना गेली ती गेलीच, जेवणही दुकानातच झालं.

पुढच्या रविवारी दोन मोटरी आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी तीन. बैल एक असतो तोवर ठीक असतं हो.

म्हणून हा धागा. संदेश नको, वचनांची माळ नको. मागचा रविवार सकाळपासून रात्रीपर्यंत कसा गेला ते लिहा. आणि सोमवार ते शनिवार कामाच्या जागी विश्वासाचं काय होतं, तेही.

स्टाफ नर्स, सरकारी दवाखाना

मागचा रविवार : शनिवारची नाइट, सकाळी आठला हँडओव्हर, साडेनऊला उपासना. पहिली दोन गीतं उभी राहून म्हटली म्हणून जागी होते. संदेश सुरू झाला आणि माझी मान शेजारच्या काकूंच्या खांद्यावर. काकूंनी हलवलं नाही. पाळकांनी (पास्टरांनी) नंतर विचारलं, "संदेश कसा वाटला?" मी म्हटलं, "शांती मिळाली." ते हसले, त्यांना दिसतच होतं.

आमच्याकडं रविवार मागून मिळत नाही, अदलाबदलीत मिळतो. लक्ष्मीपूजनाची नाइट मी करते, ईदची दुपार मी करते, त्या बदल्यात नाताळ आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) माझे. गेली अकरा वर्षं हा हिशेब आम्ही पाच जणी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवतो. एका इन्चार्जनं मुद्दाम सलग तीन नाताळ माझी ड्यूटी लावली होती. तिसऱ्या वर्षी माझ्या जागी बुरखेवाली मैत्रीण येऊन उभी राहिली, न सांगता. त्यावर जास्त लिहीत नाही, डोळे भरतात.

एक सांगते. वॉर्डात मी मोठ्यानं प्रार्थना करत नाही. खाटेवरच्या माणसाला "नको" म्हणायची ताकद नसते, त्याच्यावर आपली भक्ती लादायची नाही. शीर सापडत नसली की मनातल्या मनात एक वाक्य म्हणते आणि सुई घालते.

निवृत्त शिक्षक, जालना

तुम्ही रविवार रविवार करता, पण माझ्या वडिलांच्या तरुणपणी इथं रविवारची सुट्टीच नव्हती. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारी. वडील कचेरीत कारकून. रविवारी पहाटे प्रार्थना उरकून डबा घेऊन कामावर, आणि शुक्रवारी घरी बसून काय करायचं ते कळायचं नाही, असं सांगायचे. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, त्यानंतर सुट्टीचा वार बदलला. आई म्हणायची, "स्वातंत्र्य आलं म्हणजे काय, तर तुझे वडील रविवारी घरी दिसले."

तिकडं मुंबईत गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो 10 जून 1890 पासून. नारायण मेघाजी लोखंडे, फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. त्यांनी मागणी करताना रविवार हा खंडोबाचा वार असल्याचंही कारण पुढं केलं होतं. म्हणजे आपण ज्या दिवशी उपासनेला जातो तो दिवस मिळवून देण्यात जेजुरीच्या मल्हारीचाही हात आहे! हे मी शब्बाथ शाळेत सांगितलं तेव्हा दोघं-तिघं नाराज झाले. होऊ द्या.

आणखी एक. शब्बाथाची आज्ञा बायबलात दोन ठिकाणी येते आणि कारणं वेगळी आहेत. निर्गम या पुस्तकात कारण सृष्टीच्या निर्मितीचं. अनुवाद या पुस्तकात म्हटलंय की तू मिसर देशात दास होतास, हे आठव. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेव्हा तिथं आलेले बहुतेक लोक गावकीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेले. ज्यांना बोलावणं आलं की हातातला घास टाकून पळावं लागायचं, त्यांना "आज तुला कुणी बोलावणार नाही" हे वाक्य कसं ऐकू आलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

गृहिणी, छत्रपती संभाजीनगर

सगळे भाऊलोक विसाव्यावर लिहितायत म्हणून मीही लिहिते.

माझा मागचा रविवार. पाचला उठले. मटण आणून ठेवलेलं नव्हतं, कारण "ताजं पाहिजे". खोबरं भाजलं, कांदा भाजला, वाटण केलं, तीन मुलांचे कपडे इस्त्री केले, यांचा शर्ट सापडवला. चर्चमध्ये पोचले तेव्हा हाताला लसणाचा वास. उपासनेनंतर यांनी चार जणांना जेवायला बोलावलं. का, तर "पाहुणचार हे ख्रिस्ती कर्तव्य". बत्तीस भाकरी. मोजल्या म्हणून सांगते. भांडी झाली तेव्हा साडेतीन, आणि हे कॉटवर घोरत होते, शब्बाथ पाळत.

गुरुजी, तुम्ही आज्ञा सांगितलीत. मी ती नीट वाचलीये. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, दासी, तुझी गुरंढोरं, तुझ्या वेशीच्या आतला परका. बैलसुद्धा आहे. बायको त्या यादीत नाही. पाळकांना विचारलं तर म्हणाले, "तू या शब्दात ती येते." मी म्हटलं, मग तसं माझ्या घरी येऊन सांगा ना, जेवायच्या वेळी.

शेतकरी, लातूर जिल्हा

ताईंचं वाचून गप्प बसलो होतो. पण आता लिहितो, कारण माझी साक्ष चर्चमध्ये चालणारी नाही.

सोयाबीन काढून गंजी लावली होती. मळणी यंत्रवाला म्हणाला, रविवारीच मोकळा आहे, नाहीतर पुढच्या गुरुवारी. निर्गमात स्पष्ट लिहिलंय, नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घे. मी म्हटलं, विश्वास ठेवायचा तर पूर्ण ठेवू. यंत्र शेजाऱ्याच्या रानात गेलं.

सोमवारी रात्री पाऊस आला. ताडपत्री होती, पण वारं असं की एक कोपरा उडाला. गुरुवारी मळलं तर दाणा काळा, डागी, काहींना मोड. मार्केटला बारा टक्के ओलाव्याचा हिशेब असतो, माझा माल हातात घेऊनच व्यापाऱ्यानं बाजूला टाकला. शेजाऱ्याचा माल चांगल्या भावानं गेला. त्यानं रविवारी मळला होता.

आता यावर चर्चमध्ये उभं राहून काय सांगू? "देवानं माझी परीक्षा घेतली आणि दुप्पट दिलं" असं म्हणावं लागतं. दिलं नाही. पुढच्या वर्षी मी रविवारी मशीन लावली. सकाळी सहाला मजुरांबरोबर उभ्या उभ्या प्रार्थना केली, त्यात दोघी मुसलमान बाया होत्या, त्यांनीही पदर घेतला. मजुरांना सोमवारी सुट्टी दिली, रोज देऊन. बरोबर केलं की चूक, अजून ठरवलेलं नाही. पण त्या सोमवारी मला झोप चांगली लागली.

कंपनी कामगार, वाळूज

थोडक्यात. आमची साप्ताहिक सुट्टी मधल्या वाराला. रविवारी सेकंड शिफ्ट असेल तरच सकाळी चर्च. फर्स्ट शिफ्ट असेल तर संध्याकाळची घरगुती प्रार्थना, भाड्याच्या खोलीत, सात-आठ जण. सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइमला डबल रेट. घराचा हप्ता आहे. दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा हो म्हटलं. एवढंच.

कृषी सेवा केंद्रात कामाला, नाव-गाव नको

मला विसाव्यापेक्षा बाकीच्या सहा दिवसांचा त्रास आहे. युरिया आला की मालक म्हणतो, सोबत हे झिंकचं पाकीट दिल्याशिवाय गोणी द्यायची नाही. वरून त्यालाही तसंच मिळतं, हे खरंय. पण काउंटरवर उभा मी. समोरचा माणूस माझ्या बापाच्या वयाचा, बंडीच्या खिशातून मोजून पैसे काढतोय, आणि मी सांगायचं, "काका, याच्याशिवाय खत लागूच पडत नाही."

जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून करा, असं बायबलात पौल लिहितो. हे वाक्य प्रभूसाठी म्हणून कसं बोलायचं?

दीड वर्ष बोललो. आता इतकंच करतो : "हे घ्यावं लागतं, गरज नाही, पण घ्यावं लागतं" असं खरं सांगतो. गिऱ्हाइकाचे पैसे तेवढेच जातात. मालक चिडला, पण उधारी वसूल करायला लोक मलाच बरे प्रतिसाद देतात म्हणून काढत नाही. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या आधी पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, म्हणतो तेव्हा मला ती पाकिटंच दिसतात, हिरव्या रंगाची.

शनिवारवाला शिंपी, नांदेड

आम्ही सातवा दिवस पाळतो. शुक्रवारी दिवस मावळला की मशीनवर कापड झाकायचं, शनिवारी मावळेपर्यंत. स्वयंपाक शुक्रवारीच करून ठेवतो, भाजी गार खायची सवय झालीये. (संभाजीनगरच्या ताईंनी हे वाचावं.) लग्नसराईत शनिवार गेला की गिऱ्हाईक तुटतं, आणि रविवारी दुकान उघडं म्हणून तुमच्यातलेच लोक टोमणे मारतात. चालायचंच.

ऊसतोड कामगाराचा भाचा, बीड जिल्हा

मामाला टायपिंग येत नाही, फोनवर बोलला ते लिहितोय.

"आमाला कसला आइतवार. दिवाळीनंतर निघायचं ते उन्हाळ्यापतोर. म्या आन तुजी मामी मिळून एक कोयता. उचल घेतल्याली आसती. एक दिस न्हाई गेलं की खाडा, त्येचे पैसे कापत्यात. ताप आला तरी खाडाच. वार कोनता ते फडात कळत न्हाई. कारखाना ब्रेकडाउन झाला की आमचा शब्बाथ. तवा गाड्या तिथंच हुब्या, बैल सुटल्याले. बैलाला बी कळतं बग, आज जू न्हाई म्हणून. मटकन बसतो."

मी विचारलं, मग मामीला सुट्टी? "ती कापडं धुती." मागून मामीचा आवाज आला, "आन गानी म्हनते म्हनावं." मोळ्या बांधताना ती येशूची भजनं म्हणते, गाडी भरायला पहाटे तीनला उठल्यावरसुद्धा. टोळीतल्या बाकीच्या बायांना ती पाठ झालीत. त्यांच्यातली एक जण येडेश्वरीची भक्त आहे, ती चाल धरते.

पाळक, ग्रामीण मंडळी

रविवार हा माझा कामाचा दिवस. तीन गावं, तीन उपासना, मोटरसायकलवर नव्वद किलोमीटर. सोमवारी विसावा घ्यावा म्हणतो, तर सोमवारीच सगळ्यांना पाळक घरी सापडतो.

ताईंच्या प्रश्नाला मी तेच उत्तर दिलं असतं, "तू या शब्दात बायको येते." हे मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. त्या पोळी लाटत होत्या. म्हणाल्या, "बरं, मग लाटणं घ्या."

मोटर रिवायंडिंगवाला (धागाकर्ता)

सगळं दोनदा वाचलं. घरी बायकोलाही वाचून दाखवलं, तिनं बत्तीस भाकऱ्यांचं तर तीनदा वाचायला लावलं.

काल शनिवारी रात्री नऊला मोटर आली, वैजापूरकडची. बाराला कॉइल बसले, वार्निश पाजून बल्बाखाली ठेवली आणि झोपलो. आज साडेनऊला दोघंही चर्चमध्ये वेळेवर होतो. प्रभुभोजनाचा प्याला हातात घेतला तेव्हा बोटांना वार्निशचा वास होता, घासलेटनं धुतले तरी जात नाही. घरी आल्यावर खिचडी मी टाकली. खाली लागली. मोटरवाला दोनला येणार होता, साडेबारालाच आला. त्यालाही तीच वाढली. वरचा भाग चांगला होता म्हणाला.